‘करण्यात येईल’ : सेवा-क्लबांचे दीर्घ पल्ल्याचे गद्य

मराठी गद्याचे जे प्रकार आपण वर्गात शिकवतो, त्यांत ‘अहवाल’ आणि ‘योजना’ यांना फारसे मानाचे स्थान नाही. व्यावहारिक मराठीच्या पेपरात पाच-दहा गुणांपुरते ते येतात, विद्यार्थी एखादा नमुना पाठ करतात आणि विषय संपतो. वास्तविक पाहता एखाद्या तालुक्याच्या गावात वर्षभरात जेवढे मराठी गद्य लिहिले जाते, त्याचा बराच मोठा भाग याच दोन प्रकारांत मोडत असावा. पतसंस्था, शिक्षणसंस्था, गणेश मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळे आणि रोटरी-लायन्ससारखे सेवा-क्लब हे सारे दरसाल अहवाल छापतात. आणि अलीकडे त्यांतल्या काहींना दीर्घकालीन योजनाही लिहाव्याशा वाटू लागल्या आहेत. कवितेतल्या प्रतिमा उलगडण्यात हयात घालवणारे आपण हे गद्य कधी गंभीरपणे वाचत नाही. ते वाचले पाहिजे, असे माझे मत आहे. कारण त्या गद्यातले दोष केवळ भाषेचे राहत नाहीत, गावातल्या माणसांना ते भोवतात.

निमित्त असे घडले, की आमच्या गावातील एका सेवा-क्लबने पाच वर्षांचा आराखडा तयार केला आणि छपाईपूर्वी शुद्धलेखन तपासण्यासाठी तो आमच्या मराठी विभागाकडे पाठवला. (मराठी विभाग म्हणजे गावाचे मुद्रितशोधन खाते, हा समज आता इतका रूढ झाला आहे, की त्याविरुद्ध बोलण्यात अर्थ नाही.) ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका अपेक्षेपेक्षा कमी होत्या. लक्ष वेधले ते क्रियापदाने. ‘वृक्षारोपण करण्यात येईल’, ‘शाळांना जलशुद्धीकरण यंत्रे पुरवण्यात येतील’, ‘पुस्तकपेढीचा विस्तार करण्यात येईल’, ‘युवकांना प्रेरित करण्यात येईल’. पानामागून पान, वाक्यामागून वाक्य याच एका पायरीवर येऊन थांबत होते.

या रचनेचे व्याकरण जरा पाहू. साध्या कर्मणी प्रयोगात कर्ता नाहीसा होत नाही. ‘रामाने झाड लावले’ यात राम आहेच. ‘झाड लावण्यात येईल’ या वाक्यात मात्र रामाला शिरायला जागाच उरलेली नाही. क्रियेचे नाम झाले, त्या नामाला सप्तमीचा प्रत्यय लागला आणि सगळा भार ‘येणे’ या क्रियापदावर पडला. जणू लावणे ही गोष्ट मृगाच्या पावसासारखी आपल्या आपण येणार आहे. आपण फक्त ओसरीवर बसून वाट पाहायची. मराठीने ही रचना शासनव्यवहारातून उचलली, हे सर्वश्रुत आहे. शासनात ती अगदीच निरर्थक नसते. तिथे कर्ता वाक्यात नसला, तरी कचेरीत असतो. तहसीलदार बदलला, तरी तहसीलदाराची खुर्ची राहते, नस्ती राहते, जावक क्रमांक राहतो आणि ‘कार्यवाही करण्यात येईल’ असे कुणी लिहिले होते, हे दहा वर्षांनंतरही (मोठ्या प्रयासाने का होईना) शोधता येते. सेवा-क्लबाजवळ यातले काहीच नसते. पगारी माणूस नाही, बहुधा स्वतःची कचेरी नाही, दप्तर त्या-त्या वर्षीच्या सचिवाच्या घरातल्या कपाटात. शासनाचे व्याकरण उसने घेतले, पण नस्ती घेतली नाही, अशी ही अवस्था आहे. मग त्या वाक्याचा कर्ता खरोखरच कुठेही नसतो.

कर्ता नसण्याचे मूळ अर्थातच या क्लबांच्या रचनेत आहे. पॉल हॅरिस याने १९०५ च्या फेब्रुवारीत शिकागो येथे आपल्या तीन सहकाऱ्यांसह पहिली बैठक घेतली, तेव्हा सभा आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरवायची असे ठरले. ‘रोटरी’ हे नाव त्या फिरतेपणावरून आले. १९१७ मध्ये त्याच शहरात मेल्विन जोन्स याच्या पुढाकाराने लायन्सची संघटना निघाली. रोटरी मुंबईत १९२९ मध्ये आली, लायन्स १९५६ मध्ये. १९७२ मध्ये नाना चुडासामा यांनी मुंबईतच ‘जायंट्स’ची स्थापना केली. आज महाराष्ट्रात तालुक्याच्या बहुतेक गावांत यांपैकी एक तरी फलक दिसतो. सभा फिरण्याची पद्धत कधीच थांबली. फिरत राहिले ते पद. १ जुलैला नवा अध्यक्ष येतो आणि ३० जूनला जातो. त्या दिवसांतल्या निमंत्रणपत्रिका अभ्यासकांनी जमवाव्यात इतक्या रसाळ असतात. नावांआधी ‘रो.’ आणि ‘ला.’ ही बिरुदे, सभासदांच्या पत्नींना ‘अ‍ॅन’ म्हणण्याची ती जुनी रीत (१९८७ च्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १९८९ मध्ये रोटरीने स्त्रियांना सभासदत्व खुले केले, तरी पत्रिकांच्या मराठीतून ‘अ‍ॅन’ काही लवकर गेली नाही), आणि त्याखाली ‘मावळते अध्यक्ष’ व ‘नूतन अध्यक्ष’. धडधाकट पन्नाशीतला गृहस्थ दरवर्षी ३० जूनला आपल्या भाषेत मावळतो. मावळलेल्याकडून उद्याच्या उजेडाची अपेक्षा कोण करणार?

या वार्षिक चक्राचा आपल्या ऋतुचक्राशी जो योग जुळून आला आहे, तो मोठा मौजेचा आहे. जुलैत पद मिळते आणि जुलैत पाऊस असतो. म्हणून नव्या अध्यक्षाचा पहिला उपक्रम वृक्षारोपण. खड्डे नगरपालिकेच्या यंत्राने काढलेले, रोपे वनखात्याच्या रोपवाटिकेतली, छायाचित्रात आठ हात एका रोपाला लागलेले. पावसाळाभर झाड स्वतःच्या बळावर जगते. त्याला माणसाची गरज लागते ती पुढच्या फेब्रुवारीपासून. आणि आमच्यासारख्या कमी पावसाच्या भागात एक उन्हाळा काढला की झाड तगले, असेही नसते. निदान दोन-तीन उन्हाळे त्याला पाणी लागते, शेळ्यांपासून राखण लागते, वाकलेली जाळी सरळ करणारा कुणी लागतो. म्हणजे लावणारा अध्यक्ष मावळल्यानंतर आणखी किमान दोन अध्यक्षांनी त्याच झाडाला टँकर पाठवायचा. परंतु त्यांचीही स्वतःची झाडे असतात. जुन्या झाडाला पाणी घालतानाचे छायाचित्र कुठल्याही वृत्तपत्राच्या जिल्हा पुरवणीत छापून येत नाही, हेही विसरून चालणार नाही. परिणाम असा, की आमच्या गावाच्या बाह्यवळण रस्त्यावर त्याच खड्ड्यांत मी वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी रोपे लागलेली पाहिली आहेत. खड्डे तेवढे दीर्घकालीन ठरले.

क्लबाचे वर्ष जुलैचे, कंपन्यांचे सामाजिक उत्तरदायित्वाचे वर्ष एप्रिल ते मार्च, शाळेचे जूनपासून, आणि शेतावरच्या सालगड्याचे गुढीपाडव्यापासून. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारमानाच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले, तेव्हापासून फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘पैसे आहेत, प्रकल्प सांगा’ असे निरोप सेवा-क्लबांकडे येऊ लागले. पैसा मार्चअखेर खर्ची पडला पाहिजे आणि उद्‌घाटन जूनच्या आत झाले पाहिजे, या दोन तारखांच्या चिमट्यात जे बसते तेच गावाला मिळते. यंत्र बसते, यंत्राची देखभाल बसत नाही. शाळेच्या व्हरांड्यात जलशुद्धीकरण यंत्र येते, त्यावर दात्यांची नावे ठळक असतात, पण दरवर्षी बदलाव्या लागणाऱ्या गाळणीचा खर्च कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतो. पुढे त्या यंत्रावर नोटीस बोर्डाच्या टाचण्या ठेवल्या जातात.

पुस्तकपेढीचा उल्लेख वर आला, त्याविषयी अधिक सांगितले पाहिजे, कारण तिथे आमच्याच मुलांचा प्रश्न आहे. काही वर्षांपूर्वी याच क्लबाच्या एका अध्यक्षांनी (पेशाने ते पुस्तकविक्रेते) कला शाखेच्या गरजू मुलांसाठी पाठ्यपुस्तकांचे संच घेतले. वर्षाच्या आरंभी संच न्यायचा, परीक्षा झाली की परत करायचा. मराठीचा प्रत्येकी एक कवितासंग्रह, एक कादंबरी, एक नाटक विकत घेणे ज्यांना परवडत नाही, अशा मुली शेजारच्या खेड्यांतून एस.टी.ने येतात. त्यांनी त्या वर्षी कादंबरी मार्गदर्शकातून वाचली नाही, कादंबरीतूनच वाचली. आणि त्यांच्या उत्तरपत्रिकांत मला तो फरक दिसला. दुसऱ्या वर्षी अध्यक्ष बदलले, पेढीचे कपाट तसेच राहिले, पण चावी कुणाकडे हे कळेपर्यंत पहिले सत्र संपले. तिसऱ्या वर्षी अभ्यासक्रम बदलला आणि निम्मे संच निरुपयोगी झाले. विद्यापीठांचे अभ्यासक्रम काही वर्षांच्या अंतराने बदलतात, हे काही गुपित नव्हे. त्यानंतर राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत पदवीची सगळी रचनाच बदलली. पुस्तकपेढी ही एकदा देण्याची वस्तू नाही. दरवर्षी तिच्यातला काही भाग मरतो आणि तेवढाच नव्याने घालावा लागतो. आराखड्यात मात्र ‘पुस्तकपेढीचा विस्तार करण्यात येईल’ एवढेच. विस्तार कसला? कपाटाचा?

येथवर वाचून कुणी म्हणेल, की मग एका वर्षाचे अध्यक्षपद हाच रोग आहे. तो काढून टाका. याला माझा स्पष्ट विरोध आहे. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक जीवनात दीर्घ काळ टिकणारी पदे कशी दिसतात, हे आपण महाविद्यालयांत नोकरी करणाऱ्यांना निराळे सांगायला नको. जिथे अध्यक्ष वीस-वीस वर्षे बदलत नाही, तिथे योजना फार दूरची असते खरी. पण ती बहुधा संस्थेच्या भवितव्याची नसून चिरंजीवांच्या भवितव्याची असते. सेवा-क्लब संस्थान बनला नाही, त्याच्या कपाटावर कुणाच्या घराण्याचे नाव लागले नाही, याचे श्रेय त्या ३० जूनच्या तारखेला दिले पाहिजे. कापडदुकानदार, दंतवैद्य, ठेकेदार, प्राध्यापिका यांना एका वर्षापुरते का होईना, गावाच्या कारभाराची वीतभर दोरी हाती येते. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षालाही एकच वर्ष मिळते आणि त्या वर्षात त्याच्या हाती भाषणापलीकडे फारसे काही नसते, तरी ते पद आजन्म करावे असे कुणी सुचवत नाही. पद फिरावे, प्रश्न एवढाच आहे, की पद फिरत असताना काम कशाने जागच्या जागी राहते.

या प्रश्नाचे एक उत्तर याच क्लबांच्या इतिहासात आहे आणि ते फार मोठे आहे. १९७९ मध्ये रोटरीने फिलिपिन्समध्ये बालकांना पोलिओची लस देण्याच्या कामाला मदत करायला आरंभ केला. १९८५ मध्ये तो जगभराचा कार्यक्रम झाला. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य सभेने २००० सालापर्यंत पोलिओच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले. ते साल हुकले. भारतात १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. तोंडात दोन थेंब आणि बोटावर शाईची खूण, हे दृश्य आजच्या आपल्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांच्या बालपणात आहे. वन्य विषाणूने झालेल्या पोलिओचा भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यातला. आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला सारा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. अफगाणिस्तान व पाकिस्तानात तो अजून आहे, म्हणजे काम संपलेले नाही. लस टोचणारे, पाजणारे हात प्रामुख्याने सरकारी आरोग्यसेविकांचे आणि अंगणवाडीताईंचे होते, हे क्लबांच्या अहवालांत जितक्या ठळकपणे यायला हवे तितके येत नाही. ते काहीही असो. १९८५ ते २०११ या काळात प्रत्येक गावच्या क्लबात सव्वीस-सत्तावीस अध्यक्ष येऊन गेले आणि त्यांच्यापैकी एकालाही ‘यंदा पोलिओ नको, दुसरे काही घेऊ’ असे म्हणता आले नाही. काय करायचे हे त्याच्या अखत्यारीबाहेर ठरलेले होते; आपल्या गावात कसे करायचे, एवढेच त्याच्या हाती होते. वार्षिक अध्यक्षाचे खरे सामर्थ्य या ‘कसे’मध्येच आहे.

पण पोलिओचे उदाहरण देऊन गावच्या क्लबाचे समाधान होत नाही, आणि ते बरोबरच आहे. तिथे जगभरची यंत्रणा पाठीशी होती, तज्ज्ञ होते, पैसा होता. गावच्या पाच-पंचवीस सभासदांनी स्वतःची योजना स्वतः लिहायची, तर ती कशी असावी? इथे मला आपल्याच क्षेत्रातले एक उदाहरण अधिक उपयोगी वाटते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ च्या एप्रिलमध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभले. १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर प्रधान संपादक झाले आणि १९४३ च्या जानेवारीत ते वारले, तेव्हा काम अर्ध्यावरही नीटसे आले नव्हते. त्यांच्यानंतर श्रीपाद कृष्ण बेलवलकर आले, १९६१ नंतर परशुराम लक्ष्मण वैद्य आले, आणि १९६६ च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत काम पूर्ण झाल्याची घोषणा झाली. सत्तेचाळीस वर्षे. तीन प्रधान संपादक; वेगवेगळ्या पर्वांचे वेगवेगळे संपादक, त्यांत सभापर्वाचे फ्रँकलिन एजर्टन तर अमेरिकेत बसलेले. तरीही हाती आलेला ग्रंथ एका पद्धतीचा आहे.

हे कशामुळे साधले? सुकथनकरांची विद्वत्ता थोर होतीच, पण विद्वत्ता माणसाबरोबर जाते. १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण झाले तेव्हा त्यांनी त्याला जी दीर्घ प्रस्तावना जोडली, तिच्यात हस्तलिखितांची कुळे कशी लावली, कुठला पाठ का स्वीकारला, का नाकारला, कुठल्या नियमाला कुठे अपवाद केला, हे सारे मांडून ठेवले. मागून येणाऱ्याने सुकथनकर व्हावे, अशी अपेक्षा त्या प्रस्तावनेत नाही. मागून येणाऱ्याला तोच निर्णय तपासता यावा, पुढे नेता यावा, किंवा कारण देऊन बदलता यावा, एवढी सोय तिच्यात आहे. माझ्या मते मराठी मुलखात झालेले दीर्घ पल्ल्याचे सर्वोत्तम नियोजन हे आहे, आणि ते वाङ्मयाच्या लोकांनी केले, ही गोष्ट आपण आपल्या विद्यार्थ्यांना पुरेशी सांगत नाही.

त्या आवृत्तीतली आणखी एक खूण मला या संदर्भात फार मोलाची वाटते. संहितेतला जो शब्द वा शब्दांश संपादकाला निश्चित वाटला नाही, त्याच्याखाली त्याने नागमोडी रेघ ओढली. म्हणजे हा पाठ मी दिला आहे, कारण काहीतरी द्यायलाच हवे. पण याची मला खात्री नाही. संहितेत अशा रेघा जागोजागी आहेत आणि त्यांमुळे आवृत्तीची पत उणावली नाही. उलट, जिथे रेघ नाही तिथे विश्वासाने पाऊल ठेवता येते. आता सेवा-क्लबाचा पाच वर्षांचा आराखडा घ्या. त्यात एकाही वाक्याखाली नागमोडी रेघ नसते. येत्या जुलैत दहा शाळांत दंततपासणी (दंतवैद्य क्लबातच आहेत, ती होणारच) आणि चौथ्या वर्षी डायलिसिस केंद्र (जागा नाही, तंत्रज्ञ नाही, पाणी नाही) ही दोन्ही वाक्ये एकाच ठाम ‘येईल’ने संपतात. वाचणाऱ्याला, म्हणजे तीन वर्षांनंतरच्या अध्यक्षाला, यांतले कोणते धरून चालावे हे कळायला मार्ग नाही. तो दोन्ही सोडून देतो आणि नवा आराखडा लिहितो.

पूजेच्या आरंभी जो संकल्प सोडतात त्याचीही मला इथे आठवण होते. अर्थसंकल्पात आपण तो शब्द उचलला, पण त्याची रीत उचलली नाही. पूजेचा संकल्प कल्पापासून, मन्वंतरापासून सुरू होतो, मग युग, मग संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार असा खाली उतरत येतो, स्थळही सांगतो, मग अमुक गोत्राचा अमुक नावाचा मी, आणि शेवटी आज मी हे एवढे कर्म करतो. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवा. गद्य म्हणून पाहिले, तर अफाट काळातून एका माणसाच्या एका दिवसापर्यंत आणून सोडणारे ते एक वाक्य आहे आणि त्यात कर्ता नावानिशी हजर आहे. आपले आराखडे नेमके उलटे चालतात. ते आजच्या गावापासून निघतात आणि ‘समृद्ध समाजाच्या उभारणी’त विरून जातात.

पैशाच्या बाबतीतही जुन्या लोकांची एक युक्ती ध्यानात घेण्याजोगी आहे. धोंडो केशव कर्वे यांनी ‘आत्मवृत्ता’त (१९१५) मुरूड फंडाची हकिकत सांगितली आहे. नोकरीधंद्यानिमित्त बाहेर पडलेल्या मुरूडकरांनी आपल्या मिळकतीचा लहानसा अंश गावच्या सार्वजनिक कामासाठी द्यावा, अशी ती योजना होती. तिचे मर्म ‘अंश’ या शब्दात आहे. देणगी मन भरून आले की दिली जाते आणि मन ओसरले की थांबते. अंश मिळकत असेपर्यंत चालू राहतो. आमच्या गावातूनही एक सबंध पिढी पुण्याला आणि त्यापलीकडे गेली आहे. तिला फलकावर नाव कोरण्याच्या मोबदल्यात देणगी मागितली जाते. जलशुद्धीकरण यंत्राच्या गाळणीसाठी दरमहा शंभर रुपये कुणी मागत नाही, कारण शंभर रुपयांचा फलक होत नाही.

आराखडा आम्ही परत केला तेव्हा शुद्धलेखनाबरोबर एक सूचना जोडली होती. प्रत्येक ‘करण्यात येईल’ खोडून तिथे कर्ता, महिना आणि पुढचा कर्ता घालावा. ‘पुस्तकपेढीचा विस्तार करण्यात येईल’ याऐवजी : ‘पुस्तकपेढीची चावी महाविद्यालयाच्या ग्रंथपालांकडे राहील. दरवर्षी मेमध्ये मराठी, इतिहास व अर्थशास्त्र या विभागांकडून बदललेल्या पुस्तकांची यादी सचिव मागवतील. निवडून आलेले पुढील वर्षाचे अध्यक्ष, पदग्रहणापूर्वीच, जूनमध्ये ती पुस्तके घेतील. पैसे मावळत्या वर्षाच्या शिलकेतून.’ वाक्ये कुरूप आहेत, हे मान्य. स्मरणिकेत ती शोभणार नाहीत. पण सेवा-क्लबांत पुढचा अध्यक्ष आधीच ठरलेला असतो, ही एक मोठी सोय आहे आणि तिचा उपयोग पदग्रहणाच्या शिरपेचांची मापे घेण्यापलीकडे फारसा होत नाही. दोन अध्यक्षांच्या वर्षांच्या सांध्यावर जे काम ठेवले जाते ते दोघांचेही होते. याच नियमाने बघितले, तर बाह्यवळणावर दरसाल नवी रोपे लावण्यापेक्षा एक अध्यक्ष लावील आणि पुढचे दोन फक्त पाणी घालतील, असे ठरवावे लागेल. पाणी घालणाऱ्या दोघांच्या वाट्याला रोपाबरोबरचे छायाचित्र येणार नाही. एवढा त्याग सभासदांना झेपेल का, ही शंका क्लबातल्याच एका ज्येष्ठांनी काढली. आणि ती विनोदाने काढलेली नव्हती.

एक पान मात्र त्या आराखड्यात नव्हतेच, आणि अशा कुठल्याच आराखड्यात ते मी आजवर पाहिलेले नाही. क्लब राहिला नाही तर? क्लबातले बहुतेक सभासद पन्नाशीच्या पुढचे आहेत. त्यांची मुले परगावी आहेत आणि गावात राहिलेल्या तरुणांना दर आठवड्याची सभा, टाय आणि घंटा यांचे आकर्षण उरलेले नाही. पाच वर्षांची योजना आखताना पाचव्या वर्षी आपण किती जण असू, हा प्रश्न टाळण्यात शहाणपण नाही. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, नाशिकचे १८४० चे. ज्या मंडळींनी ती काढली त्यांच्या पिढ्या गेल्या, राज्य बदलले, वर्गणीचे दर बदलले; दार उघडण्याची वेळ ठरलेली होती आणि उघडणारा कुणीतरी होता, म्हणून ती चालू राहिली. क्लबाची पुस्तकपेढी क्लबाआधी मेली तर तो क्लबाचा दोष आहे, हे उघड आहे. क्लब संपल्यावर ती चालू ठेवायची असेल, तर तिची नोंदवही, कपाट आणि वार्षिक खर्चाची ठेव कुणाच्या नावे करायची, हे क्लब जिवंत असतानाच लिहून ठेवावे लागेल. गावात सार्वजनिक वाचनालय आहे, ‘ब’ वर्गाचे, सरकारी अनुदानावर कसेबसे चालणारे. त्याच्या कार्यकारिणीला याबाबत विचारलेले नाही. विचारायचे ठरले, तर पत्र कोण लिहिणार आणि कोणत्या महिन्यात, एवढ्या दोन गोष्टी आराखड्याच्या शेवटच्या पानावर घालण्यासाठी जागा रिकामी आहे.